टॅबिथाची नऊ मुलं

मिसेस ऑल्ड्रिज यांचं बोट कागदावरून सरकत होतं आणि त्या हलक्या आवाजात मोजत होत्या. आठव्या नावापाशी बोट थांबलं. त्यांनी चष्मा नीट केला, पुन्हा डावीकडून सुरुवात केली आणि पुन्हा आठावरच येऊन थांबल्या. मग मान वर करून त्यांनी सुदेश खांबेटेकडे पाहिलं आणि तिसरं मूल कुठे आहे, असं इंग्रजीत अगदी सौम्यपणे विचारलं.

सुदेशला आधी प्रश्नच कळला नाही. कौतुक ऐकायच्या तयारीने तो बोर्डाशेजारी उभा होता, आणि कौतुक व्हावं असंच ते काम होतं. चार फूट रुंद ट्रेसिंग पेपर, त्यावर काळ्या शाईत काढलेला एका अमेरिकन घराण्याचा वंशवृक्ष. मधोमध टॅबिथा क्रँडल आणि तिचा नवरा, डावीकडे चार मुलं, उजवीकडे चार, आणि प्रत्येकाखाली पसरत गेलेल्या पिढ्या. मधोमध घडी घातली असती तर रेघेवर रेघ बसली असती.

असं काम हातात येऊन त्याला वर्षं झाली होती. अमिरातीतल्या अल ऐन गावी, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या कन्सल्टंटच्या ऑफिसात आता सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर निघत. सुदेशचा लाकडी बोर्ड खिडकीजवळून उठून मागच्या खोलीत, प्रिंट काढायच्या मशीनशेजारी, अमोनियाच्या वासात जाऊन बसला होता. मॅनेजर मुश्ताक लाहोरचा, सोळा वर्षांची ओळख. "खांबेटेसाब, आप भी सीख लो ना कॉम्प्युटर," एवढंच तो अधूनमधून म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचा. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या या साठीच्या बाई हाताने वंशवृक्ष काढून देणारा माणूस शोधत आल्या, तेव्हा मुश्ताकने त्यांना थेट मागच्या खोलीत आणून सोडलं. जुलैत त्यांच्या घराण्याचं ऑरेगॉनला संमेलन होतं. दोनशे माणसं जमणार होती आणि टॅबिथाचा वृक्ष तिथे भिंतीवर लागणार होता.

त्यांनी दिलेली फाईल चांगली जाडजूड होती. घरच्या बायबलमधल्या पानाची प्रत, त्यावर मुलांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, पत्रं, जुन्या जनगणनेचा एक कागद, आणि टॅबिथाची टाईप करून घेतलेली रोजनिशी. वृक्ष काढायला रोजनिशीची काही गरज नव्हती. पण दुपारी एक ते चार ऑफिस बंद असायचं, सारं गाव पडदे ओढून झोपलेलं असायचं, आणि सुदेशला हल्ली दुपारची झोप येत नसे. तो मागच्या खोलीत एकटाच बसून वाचायचा.

टॅबिथा चोवीस वर्षांची असताना, अठराशे बावन्न साली, नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघाली. बैलगाडीवर कापडाचं छत, गाडीत दोन मुलं, पिठाची पोती, एक नांगर आणि पोटात तिसरं. दोन हजार मैल, पाच महिने. रोजनिशीत तिने मनातलं असं काही लिहिलेलंच नव्हतं. रोज तीनच गोष्टी लिहायची ती: गवत कसं होतं, पाणी कसं होतं आणि वाटेत किती थडगी दिसली. 'गवत बरं. पाणी खारट. सात थडगी.' दुसऱ्या दिवशी, 'गवत नाही. पाणी गढूळ. तीन थडगी.' पटकीने माणसं मरत होती आणि मागून येणारे मोजत पुढे जात होते.

वाचता वाचता सुदेशचे डोळे जड व्हायचे. झोप नव्हे ती, पण जागेपणही नव्हे. एसीची घरघर एका लयीत चालायची आणि त्याला चाकांची करकर ऐकू यायची. जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी, जिथे उन्हात जमीन पाण्यासारखी हलते, तिथून पांढऱ्या छतांच्या गाड्या एकामागून एक येताना दिसायच्या. पहिल्या गाडीशेजारून एक बाई चालत असायची, कारण गाडीत बसलं तर बैलांना ओझं होतं. वाळूत पाय रुतायचे, तरी ती थांबायची नाही. कधी ती खजुरीच्या बनापाशी पोचायची आणि ओंजळीने पाणी प्यायची. मग ती मान वर करायची, आणि नेमकं तेव्हाच कुणी तरी ऑफिसचं शटर वर ढकलायचं.

एकोणीस जूनची नोंद त्याने दोनदा वाचली होती. त्या दिवशी नुसतं 'गवत बरं' एवढंच होतं. आणि त्यानंतर ऑरेगॉनपर्यंत गवत होतं, पाणी होतं, पण थडग्यांचा आकडा पुन्हा कुठेच नव्हता. कंटाळली असेल, असं त्याला वाटलं होतं.

आता मिसेस ऑल्ड्रिज यांनी फाईल उघडून बायबलचं पान त्याच्यासमोर धरलं. तिसऱ्या ओळीवर नाव नव्हतं. 'मुलगी. अकरा दिवस.' बस्स. सुदेशने ती ओळ पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती आणि सोडून दिली होती. खांबेट्यांच्या कुलवृत्तांतात बारसं न झालेलं मूल लिहायची रीतच नव्हती. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, त्यानंतर ते मूल घराण्यातलं. त्याआधी गेलं तर गेलं, त्याचं सुतक नाही की नोंद नाही. खरं तर मुलींच्या शाखाही आपण पुढे नेल्या, कुलवृत्तांतासारख्या तिथेच तोडल्या नाहीत, याचाच त्याला केवढा अभिमान वाटत होता. या एका ओळीशी डोकं थबकलंही नाही. हाताने ती परस्पर गाळली. शिवाय आठ मुलं छान तोलून बसत होती.

त्याने हे सगळं तोडक्यामोडक्या इंग्रजीत समजावून सांगितलं आणि माफी मागितली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फाईलमधून जनगणनेचा कागद काढला आणि त्याची हकिगत सांगितली. एकोणीसशे साली सरकारने घरोघरच्या बायकांना विचारलं होतं, तुम्हाला मुलं किती झाली आणि त्यातली किती हयात आहेत. टॅबिथाच्या गावात लिहायला आला तो तिथलाच दुकानदार, तिच्या मुलांच्या बरोबरीने वाढलेला. टॅबिथा बहात्तर वर्षांची, ओसरीवर शेंगा सोलत बसलेली. ती म्हणाली, नऊ. तो हसून म्हणाला, आजी, आठ. मी सगळ्यांना ओळखतो. आणि त्याने आठ लिहिलंदेखील. म्हातारीने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं, तू नऊ लिहीपर्यंत या पायऱ्या उतरायच्या नाहीत.

सुदेशने कागद दिव्याखाली धरला. त्या रकान्यात आठाचा आकडा खोडून त्यावर नऊ लिहिलेला होता, टाक इतका दाबून की प्रतीतही ते कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा वाचणारा माणूस तो. लिहिणाऱ्याचा हात कसा वैतागला असेल ते त्याला दिसलं.

"तिने ते मूल कुठे पुरलं?" त्याने विचारलं.

ते तिला कधीच कळलं नाही, असं बाई म्हणाल्या. ती तापात पडून होती. नवऱ्याने वाटेतच खड्डा खणला, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यावरून सगळ्या गाड्या हाकून नेल्या, जमीन सपाट झाली. तसं सगळेच करत. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही आणि तिने विचारलं नाही. "पण टॅबिथाने नऊ सांगितली होती, मिस्टर खांबेटे. अठ्ठेचाळीस वर्षांनी सांगितली होती. मी आठ घेऊन तिकडे जाऊ शकत नाही."

नववी फांदी घालायची म्हणजे सगळाच तोल जाणार होता. ब्लेडने शाई खरवडून भागणार नव्हतं, नव्या कागदावर पहिल्यापासून काढावं लागणार होतं. सुदेशने होकार दिला. बाई गेल्यावर मात्र तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. मुश्ताकने आत डोकावून "यल्ला, चाय?" म्हणून विचारलं, तेही त्याला ऐकू आलं नाही.

कारण त्याच्या घरातही एक मूल होतं, जे तो अकरा वर्षं मोजणीतून गाळत आला होता.

अठ्ठ्याऐंशी साली, याच गावात, त्याला आणि गिरिजाला पहिली मुलगी झाली. आठ दिवस जगली. आपल्यात एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. गावाबाहेर परधर्मीयांसाठी सोडलेली जागा होती, तिथे तो आणि मुश्ताक ऑफिसच्या पिकअपमधून तिला घेऊन गेले. गिरिजा हॉस्पिटलातच होती. खालच्या मजल्यावरच्या वासंतीबाईंनी, त्या वयाने मोठ्या म्हणून, सगळं हातात घेतलं. दुपटी, झबली वाटून टाकली आणि दोघांना बजावलं, आईने तिथे जायचं नाही, कुठे ठेवलं ते विचारायचं नाही, विषय काढायचा नाही, म्हणजे पुढचं सुखरूप होतं. चांगल्या मनानेच सांगितलं त्यांनी. गिरिजाने विचारलं नाही. सुदेशने सांगितलं नाही. त्या बाजूच्या साइटचं काम आलं की तो काही तरी निमित्त काढून ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा.

दोन वर्षांनी रिद्धी झाली. केरळच्या नर्सने बाळाला गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं होतं, पहिलं का? गिरिजाचे ओठ हलले होते. पण तिच्याआधीच सुदेश बोलून गेला, हो, पहिलंच. गिरिजाने तोंड भिंतीकडे फिरवलं. दमली असेल, असं त्याने त्या वेळी स्वतःला सांगितलं. पुढे ते अंगवळणीच पडलं. गणपतीला कुणी नवं कुटुंब भेटलं, शाळेचा फॉर्म आला, कुणी म्हणालं, एकच का हो? की सुदेशचं उत्तर तयार, एकच.

आता टॅबिथासमोरचा तो दुकानदार आठवला की त्याला स्वतःचाच चेहरा दिसू लागला.

नवा कागद त्याने घरी नेला. शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाल्यावर जेवणाच्याच टेबलावर तो पसरून त्याने कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि कामाला बसला. तीन वाजेपर्यंत वरची ओळ पुरी झाली. नऊ फांद्या. तिसऱ्या फांदीच्या टोकाला इतरांएवढाच चौकोन, त्यात नाव नाही, फक्त साल आणि खाली 'मुलगी, अकरा दिवस'. डाव्या बाजूला पाच, उजव्या बाजूला चार. तोल गेला होता खरा, पण नजर कुठे तरी थांबायला लागली होती.

नऊ वर्षांची रिद्धी येऊन टेबलावर हनुवटी टेकवून उभी राहिली. "बाबा, व्हाय इज धिस वन एम्प्टी? हर नेम इज मिसिंग."

"तिचं नाव ठेवलंच नव्हतं अगं."

"देन व्हाय इज शी इन द ट्री?"

सुदेशने पेन पुसून बाजूला ठेवलं. तिच्या आईने तिला मोजलं म्हणून, असं तो म्हणाला. आणि मग, रिद्धीला सांगतोय असं दाखवत, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल इतपत मोठा ठेवून, त्याने टॅबिथाची सगळी गोष्ट सांगितली. गाड्या, गवत, पाणी, मध्येच थांबलेली मोजणी, ओसरीवरची म्हातारी, आठावर लिहिलेले नऊ. आतला भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. गिरिजा ओले हात पुसत दारात येऊन उभी होती.

ती टेबलाजवळ आली. रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिली. शाई ओली असेल म्हणून तिने बोट लावलं नाही, जरासं वर धरलं.

"तिला दाखवली होती का जागा?" तिने विचारलं.

"नाही. ती तापात होती. नवऱ्याने वरून गाड्या नेल्या. खूण अशी काही राहिलीच नाही."

"त्याला तरी ठाऊक असेल."

"त्याला असेल. तो कधी बोलला नाही."

गिरिजाने बोट मागे घेतलं. मग कागदावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्हालाही ठाऊक आहे."

सुदेशला वाटलं होतं, हा प्रश्न कधी आलाच तर रडत येईल, नाही तर भांडत येईल. तो इतका साधा येईल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. त्याने मान हलवली. "आहे."

"मग चला."

रिद्धी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "व्हू आर यू टॉकिंग अबाउट?"

"चपला घाल," गिरिजा म्हणाली, "गाडीत सांगते."

आणि गाडीत तिने सांगितलं. मागे वळून, काहीही न लपवता, शाळेतली गोष्ट सांगावी तशा सरळ आवाजात. तुझ्याआधी एक होती. आठ दिवस. केस खूप होते, आणि उजवी मूठ सोडायचीच नाही. सुदेश गाडी चालवत होता आणि हे सगळं त्याच्याही कानावर पहिल्यांदाच पडत होतं. मुठीचं त्याला ठाऊक नव्हतं. रिद्धीने विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम?" गिरिजा म्हणाली, ठेवायचं राहिलं.

चार वाजून गेले होते. गोल चौकांमधली कारंजी मागे पडली, दुतर्फाची झाडं विरळ झाली. ऊन पिवळं झालं होतं आणि डोंगर त्यात तरंगल्यासारखा दिसत होता. रस्त्याच्या कडेला वाळूचे पातळ लोट उठत आणि गाडीच्या पुढे पुढे पळत. रस्ता नवा होता, दुपदरी. अकरा वर्षांपूर्वी इथे टायरच्या नुसत्या खुणा होत्या. सुदेशला भीती वाटू लागली. ती जागाच नसली तर? गिरिजाला इतक्या वर्षांनी आणायचं आणि सपाट रस्ता दाखवायचा?

जागा होती. पण त्याच्या ओळखीची भिंत नव्हती. जमीन वाढवून बरीच लांब नवी भिंत घातली होती, पांढरी, उंच, लोखंडी फाटकाची. आत क्रूस असलेल्या, नसलेल्या, नावांच्या, बिननावांच्या ओळी पसरल्या होत्या. सुदेश फाटकाच्या आत चार पावलं जाऊन थांबला. गिरिजा त्याच्या मागे, रिद्धीचा हात धरून.

"कुठे?" ती म्हणाली.

त्याने तिला थांब म्हणून सांगितलं आणि एकटाच पुढे गेला. जुनी भिंत काढली तरी पाया कुणी उपटून नेत नाही, हे त्याला साइटवरच्या अनुभवाने माहीत होतं. ईशान्येच्या बाजूला, वाळू जिथे उगाचच रेघ धरून उंचावली होती, तिथे तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी उकरू लागला. वीतभर खाली सिमेंटची वीट लागली. मग दुसरी. मग काटकोनात वळलेली तिसरी. कोपरा सापडला.

त्या दिवशी, अठ्ठ्याऐंशी साली, मुश्ताक पिकअप वळवत असताना, काय करतोय हे स्वतःलाही न कळता सुदेशने पावलं मोजली होती. भिंतीला धरून बावीस, तिथून काटकोनात आत नऊ. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं, साइटवर इंजिनियरही त्यावर विश्वास ठेवत. हे दोन आकडे त्याने कुठे लिहिले नव्हते, कुणाला सांगितले नव्हते, आणि ते एक दिवसही त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. आता तो कोपऱ्यावर टाच टेकवून उभा राहिला आणि निघाला. बावीस. वळला. नऊ.

तिथे काही नव्हतं. थोडी खडी, थोडी वाळू, हातभर अंतरावर दुसऱ्या कुणाचा तरी लहानसा उंचवटा. गाड्या मात्र त्यावरून गेल्या नव्हत्या.

"इथे," तो म्हणाला.

गिरिजा आली आणि खाली बसली. तिने आधी मोठे खडे वेचून बाजूला केले. मग पंजा पसरून वाळूवर ठेवला. "तुम्ही मोजून ठेवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग सांगितलं का नाही हो?"

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो."

"मला विचारू नको म्हणून सांगितलं होतं."

सुदेश तिच्या शेजारी वाळूत बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. रिद्धी जरा लांब उभी होती, ती हळूच येऊन आईच्या पाठीला टेकली.

फाटकापाशी बसलेला म्हातारा पठाण रखवालदार त्यांना बघून चालत आला. लोक इथे क्वचितच येत असावेत, आणि बिनखुणेच्या जागेपाशी तर नाहीच. तो वाकून आदबीने म्हणाला, "किसका है, साब?"

सुदेशने सवयीने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर यायच्या आत तो थांबला, आणि त्याने गिरिजाकडे पाहिलं.

"मेरी बड़ी बेटी है," गिरिजा म्हणाली. मग मागे रिद्धीकडे हात करून, "ये छोटी."

रखवालदाराने मान डोलावली. आणखी काही न विचारता तो परत गेला आणि थोड्या वेळाने प्लास्टिकच्या डब्यात पाणी घेऊन आला. त्यांच्यात थडग्यावर पाणी शिंपडतात. त्याने डबा सुदेशपुढे धरला. सुदेशने तो गिरिजाच्या हातात दिला.

तिने ओंजळीत थोडं थोडं घेऊन पाणी घातलं, न्हाऊ घालताना डोळ्यांत जाऊ नये म्हणून घालतात तसं, कडेकडेने. वाळूवर एक लहानशी ओली जागा उमटली, जेमतेम हातभर लांब. रखवालदार फाटकाकडे परतला. सूर्य डोंगरामागे गेला. ती ओल वाळेपर्यंत गिरिजा तिथून उठली नाही.